आधी शिसं मोजा, मग प्लेट घ्या

पत्र असं आहे:

"ताई, मी कोल्हापूरला राहते. वय ३४, उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो. अंदमानातल्या हॅवलॉकला स्कूबा डायव्हिंगचा ॲडव्हान्स्ड कोर्स केला, आजवर ४१ डाइव्ह झाल्या. ऑक्टोबर ते मे जमेल तेव्हा शनिवार-रविवार मालवण गाठते, वर्षातून एकदा अंदमान. भाड्याचं जॅकेट बीसीडी (हवा भरून पाण्यात तोल सांभाळायचं जॅकेट) मला कधीच बसत नाही. स्मॉल साइज नसतेच, मीडियम देतात, आणि पाण्यात ते कानापर्यंत वर सरकतं. वर ६ किलो शिशाचं वेट कमरेला. घरी आले की दोन दिवस कंबर धरलेली असते. आता पुण्यातले एक टेक्निकल डायव्हर (खोलात, गुहांत दोन टाक्या घेऊन उतरणारे) आपला जुना सेट विकतायत: स्टीलची बॅकप्लेट (पाठीवरचा पत्रा), २० किलो लिफ्टची, म्हणजे तेवढं वजन उचलून धरणारी, विंग (त्यामागची हवेची पिशवी), हार्नेस (अंगावरचा पट्टा), सगळं एकत्र. किंमत परवडण्यासारखी आहे. पण माझे इन्स्ट्रक्टर म्हणतात, बॅकप्लेट टेक्निकलवाल्यांसाठी असते आणि स्टीलचं वजन टाकून देता येत नाही म्हणून धोका. शिवाय माझा उजवा खांदा एकदा निखळला होता, एकसंध पट्ट्यातून तो हात निघेल का ही भीती आहेच. नवऱ्याचं म्हणणं, वर्षाला पंधरा डाइव्हसाठी हा खर्च कशाला? घेऊ का? — पाण्यात रमलेली"

प्रिय पाण्यात रमलेली,

बॅकप्लेट घ्या. हा सेट मात्र आहे तसा घेऊ नका. प्लेट चांगली असेल तर तेवढी मागा, विंग त्यांच्याकडेच राहू द्या. आणि पैसे देण्याआधी मालवणला एक डाइव्ह अशी करा की जिच्यात मासे बघायचे नाहीत, फक्त स्वतःचं वजन मोजायचं. बाकी सगळं त्या आकड्यावर ठरतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते '६ किलो'. ५२ किलोची बाई, कोमट पाणी, अंगावर फार तर ३ मिलिमीटरचा सूट, आणि ६ किलो शिसं? हे वजन तुम्ही ठरवलेलं नाही, बोटीवर कुणीतरी हातात दिलेलं आहे. बोटीवरच्या माणसाला एकच काळजी असते, की पाहुणा खाली जायला हवा. म्हणून तो दोन किलो जास्तच देतो. तुम्ही खाली जाताही, पण त्या दोन किलोंना उचलून धरायला जॅकेटमध्ये दोन लिटर हवा जास्त भरावी लागते. १० मीटरवरची ती दोन लिटर हवा पृष्ठभागापर्यंत येताना चार लिटर होते. वर जाताना अचानक खेचल्यासारखं होतं, हवा सोडली की धपकन खाली, परत बटण, परत वर. हे तुमच्या बाबतीत होत असणारच, तुम्ही लिहिलं नाहीत तरी. बऱ्याच जणींना वाटतं की आपल्याला बॉयन्सी, म्हणजे पाण्यात तोलून राहणं, जमत नाही. जमत असते. अंगावर जास्तीचं शिसं असतं.

तर मोजायचं असं. नेहमीचाच सूट, नेहमीचीच टाकी. डाइव्ह संपताना टाकीत ५० बारच्या (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा उरलेली असावी. भरलेल्या टाकीवर मोजू नका, कारण २०० बारच्या ॲल्युमिनियम टाकीतल्या हवेचंच वजन साधारण २.६ किलो असतं आणि डाइव्हभर तेच कमी होत जातं. होडीच्या दोरीला हात लावून उभ्या राहा, जॅकेटमधली सगळी हवा सोडा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा, पाय हलवू नका. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं आणि श्वास सोडल्यावर हळूहळू खाली जायला लागलात, तर वजन बरोबर. श्वास धरूनही खाली जात असाल तर एक किलो काढून बडीच्या, म्हणजे जोडीच्या डायव्हरच्या, हातात द्या आणि पुन्हा करा. हे घाईत करू नका. पहिल्या वेळी आपण नकळत पायातले फिन मारतो किंवा छाती फुगवून बसतो, म्हणून तीनदा तरी करा. आकडा वहीत लिहा, शेजारी सूट आणि टाकी कोणती तेही लिहा. आणि हे मालवणलाच करा. तरणतलावात केलं तर गोड्या पाण्यामुळे तुम्हाला सुमारे २ किलो कमी लागतील आणि तो आकडा समुद्रात फसवेल.

माझा अंदाज, तुमचा आकडा ३ ते ४ किलोंच्या मध्ये कुठेतरी येईल. ४ आला असं धरून पुढचा हिशेब मांडते.

त्या ४ किलोंतला साधारण एक किलो तुमचा नाहीच, जॅकेटचा आहे. आतलं जाड पॅडिंग, खिसे, घड्या, सगळीकडे हवा अडकते आणि ते तरंगतं. त्याला बुडवायला शिसं लागतं. बॅकप्लेटला पॅडिंग नसतं. धातूचा एक पत्रा, त्याला पट्टा, मागे विंग, त्यामागे टाकी. म्हणजे तुमची खरी गरज ३ किलो. ३ मिलिमीटर जाडीची नेहमीची स्टीलची प्लेट भरते अडीच-पावणेतीन किलो, पाण्यात तिचं वजन सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास राहतं. उरला अर्धा-पाऊण किलो. कमरेवरचा तो सहा किलोंचा पट्टा गेला. जे वजन कंबरेला लटकत होतं ते पाठीच्या कण्यालगत, फुप्फुसांच्या मागे आलं. फुप्फुसं आपल्याला वर उचलतात, वजन त्यांच्याजवळ असलं की शरीर आडवं राहतं, पाय लोंबकळत नाहीत. तुमची कंबर दोन दिवस का धरते याचं उत्तर बहुतेक इथेच आहे: खाली ओढणारा पट्टा, वर सरकणारं जॅकेट, आणि मध्ये तुम्ही पाठ वाकवून मान वर करून पोहताय. (दुखणं त्याहून जास्त टिकत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.)

आता समजा आकडा २ च आला. मग स्टील नको, ॲल्युमिनियमची प्लेट घ्या. ती जेमतेम ९०० ग्रॅम असते, आणि ॲल्युमिनियम हलकं असल्यामुळे पाण्यात तिचं वजन अर्ध्या किलोच्या आसपासच उरतं. स्टील हे 'चांगलं' आणि ॲल्युमिनियम हे 'स्वस्तातलं' असं दुकानदार सांगतात, त्यात अर्थ नाही. प्लेट म्हणजे आकार दिलेलं शिसं. जेवढं लागतं तेवढंच पाठीवर घ्यायचं.

विमानाचा विचार तुम्ही केला असेलच. आपल्याकडे देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलो सामान नेऊ देतात. स्टीलचा पूर्ण सेट पाच किलोंपर्यंत जातो, ॲल्युमिनियमचा तीनच्या आसपास. अंदमानात शिसं तिथेच मिळतं, मग इथून स्टील वाहून कशाला न्यायचं, हा प्रश्न बरोबर आहे. पण तुमच्या पंधरातल्या बहुतेक डाइव्ह मालवणच्या आणि मालवणला तुम्ही गाडीनं जाता. वर्षातल्या एका प्रवासासाठी बाकी वर्षभराची सोय सोडू नका. आकडा ३ च्या वर आला तर स्टीलच घ्या. प्लेट बॅगेच्या तळाशी सपाट बसते, तिच्यावर कपडे. अंदमानात नुसत्या लायक्रावर उतरणार असाल तर तिथे वेगळं मोजा. बहुतेक प्लेट एकटीच पुरेल, एकही वेट लागणार नाही.

आता तुमच्या इन्स्ट्रक्टरांचं म्हणणं. ते धोक्याबद्दल बोलतायत ते हवेत नाही, त्यांच्या म्हणण्याला मान द्यायला हवा. पाठीवर स्क्रूनं बसवलेलं वजन पाण्यात टाकता येत नाही, हे खरंच आहे. मग प्रश्न असा करायचा: विंग फाटली, एक थेंब हवा धरत नाही, आणि मी तळाशी आहे, तर नुसते पाय मारून वर येता येईल का? तुमच्यापुरता हिशेब करू. वजन बरोबर मोजलेलं आहे, म्हणजे टाकी रिकामी होत आल्यावर तुम्ही समतोलात. डाइव्हच्या सुरुवातीला हवेचे अडीच किलो जास्त. खोलीवर सूट दबतो, त्यातले बुडबुडे आकसतात, त्याचा तुमच्या मापाच्या पातळ सुटात किलोभर फरक. म्हणजे सगळ्यात वाईट क्षणी तुम्ही साडेतीन किलोंनी जड. दमछाक होईल, पण फिन मारून वर येता येतं. त्यातला तो उरलेला अर्धा-पाऊण किलो पट्ट्यावर किंवा खिशात टाकण्याजोगा ठेवलात तर तीनच्या आसपास. म्हणून सगळं वजन प्लेटमध्ये कोंबू नका, थोडं हातचं राखा. ५ किलोंची ६ मिलिमीटरवाली जाड प्लेट कुणी देऊ केली तर घेऊ नका, ती थंड पाण्यात ड्रायसूट घालणाऱ्यांसाठी असते. आणि स्टीलची टाकी मिळाली, सूट पातळ असला, तर स्टीलची प्लेट त्या दिवशी नको. स्टीलची टाकी रिकामी झाली तरी ॲल्युमिनियमसारखी तरंगत नाही, त्यामुळे तुम्ही अथपासून इतिपर्यंत जडच राहाल. तो दिवस खरा धोक्याचा. तुमच्या सरांना हा हिशेब दाखवा, ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. आणि या सगळ्याआधी एक: आज तुम्ही दोन किलो जास्तीचं शिसं बांधून उतरताय, तो धोका आजचा आहे.

'टेक्निकलवाल्यांसाठी' या शब्दाचा उगम मात्र खरा आहे. फ्लोरिडातल्या गुहांमध्ये डाइव्ह करणाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दोन टाक्या पाठीवर घट्ट बसाव्यात म्हणून ही प्लेट बनवली. विल्यम हॉगार्थ मेन या गुहा-डायव्हरच्या मधल्या नावावरून तो एकसंध पट्ट्याचा हार्नेस अजून 'हॉगार्थियन' म्हणून ओळखला जातो. पण गुहेसाठी बनली म्हणून ती समुद्रात चालत नाही असं थोडंच आहे. माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा फायदा तुमच्यासारख्या लहानखुऱ्या बायकांना होतो, कारण पट्टा अंगावर कापून बसवायचा असतो. त्यात स्मॉल-मीडियम-लार्ज ही भानगडच नाही.

आता विंग. इथे मी आग्रहानं सांगते, कारण हीच चूक मी केली आहे.

माझी पहिली विंगही अशीच एका जाणत्या डायव्हरनं कमी किमतीत दिलेली होती. दोन टाक्यांसाठीची, रुंद, दणकट. मला वाटलं, जास्त लिफ्ट म्हणजे जास्त सुरक्षित. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला पहिल्याच दिवशी, वर येण्याआधीच्या तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपवर ५ मीटरला थांबले होते. एकाच टाकीला ती विंग दोन्ही बाजूंनी पुरणपोळीच्या घडीसारखी गुंडाळली गेली होती आणि उजव्या घडीत हवा अडकली होती. मी डावीकडचा व्हॉल्व्ह ओढतेय, हवा येत नाही, उजवी बाजू वर वर, मी तिरकी होतेय. बघता बघता वर. काही झालं नाही, डाइव्ह उथळ होती. पण पृष्ठभागावर डोकं बाहेर निघालं तेव्हा हात थरथरत होते. ती विंग मी परत कधी एका टाकीवर लावली नाही.

२० किलोंची विंग म्हणजे बहुतेक दोन टाक्यांचीच. तिची रुंदी त्या दोन टाक्यांच्या मापाची असते. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. तुम्हाला किती लिफ्ट लागते? दोन गोष्टी बघायच्या. एक, तुम्ही सेट काढून पाण्यावर सोडला तर तो तुमच्याविना तरंगला पाहिजे. मालवणच्या छोट्या होड्यांवर चढताना आपण सेट पाण्यातच काढून वर देतो, म्हणजे हे रोजचंच. प्लेट सव्वादोन-अडीच किलो, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाला देणारं यंत्र) किलोभर, भरलेली टाकी पाऊण किलो, मिळून चार-साडेचार. दोन, तुम्ही स्वतः सेटसकट सगळ्यात जड असताना तोललं गेलं पाहिजे, वर पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर ठेवायचं. आपण आत्ताच काढलेले साडेतीन आणि डोक्याचे चार-पाच. नऊच्या पुढे आकडा जात नाही. १२ ते १४ किलोंची एका टाकीची अरुंद विंग तुम्हाला भरपूर झाली. त्यात पुढेमागे ५ मिलिमीटरचा सूटही बसेल.

आकार गोल, म्हणजे डोनटसारखा पूर्ण कडं असलेला, घ्यावा असं माझं मत. हवा खालून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जाऊ शकते. घोड्याच्या नालेसारख्या विंगमध्ये ती दोन्ही टोकांना अडकते आणि बाजू बदलायला अंग वळवावं लागतं. सवयीनं तेही जमतं, पण नव्यानंच घेताय तर कशाला? इन्फ्लेटरची, म्हणजे विंगमध्ये हवा भरायची, नळी आखूड मागा, ३०-३३ सेंटिमीटरची. तुमच्या उंचीला लांब नळी खाली लोंबत राहते आणि अंधूक पाण्यात चाचपडत शोधावी लागते. मालवणचं पाणी कधी कधी किती हिरवं असतं ते तुम्हाला सांगायला नको. रेग्युलेटर भाड्याचं असेल तर इन्फ्लेटरला हवा पुरवणारी लो-प्रेशर होज (नळी) तुमच्या विंगच्या जोडणीला बसते का, ते आधीच बघून ठेवा. काही कंपन्यांची जोडणी वेगळी असते. मी माझी होज बॅगेत ठेवतेच.

विंगनं पृष्ठभागावर तोंड पुढे ढकललं जातं असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. होतं तसं, विंग टम्म फुगवली आणि सगळं वजन पोटाकडे असलं तर. गरजेपुरती हवा भरा आणि आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे रेला. स्टीलची प्लेट पाठीशी असली की होडीच्या तळाच्या वजनासारखी ती तुम्हाला उताणंच ठेवते.

आता त्या पुण्याच्या गृहस्थांकडे जा. फोनवर ठरवू नका. प्लेट हातात घेऊन मधल्या उभ्या खाचा बघा. एका टाकीचे कॅम बँड, म्हणजे टाकी आवळायचे पट्टे, त्या खाचांतून जातात. दोन टाक्यांसाठीच्या काही जुन्या प्लेटला फक्त मध्यावर बोल्टची दोन भोकं असतात, खाचा नसतात. मग मध्ये एक वेगळा अडॅप्टर लावावा लागतो. त्याचा खर्च आणि वजन वाढतं आणि टाकी पाठीपासून आणखी दूर जाते. खाचा नसतील तर प्लेटही राहू द्या. असतील तर कडांवरून बोट फिरवा, धारदार कड पट्टा कापते. नंतर स्टुलावर बसा, कुणाला तरी प्लेट पाठीला धरायला सांगा. वर बघितलं की वरची कड मानेच्या मणक्याला लागता कामा नये, बसल्यावर खालची कड माकडहाडात रुतता कामा नये. ५ फूट १ इंचाला नेहमीची प्लेट बऱ्याचदा चालते, पण नेहमी नाही. लागत असेल तर आखूड प्लेट मिळतात, वाट बघा.

विंग तुम्ही घेणार नाही आहात, तरी पुढे कुणाचीही जुनी विंग घेताना हे करा: पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी तितकीच टणक पाहिजे. मग पाण्याच्या पिंपात बुडवून शिवणीवर, व्हॉल्व्हवर बुडबुडे बघा. आत ग्लासभर पाणी घालून हलवून ओता. वाळू आणि मिठाचे खडे बाहेर आले तर मालकानं ती कधी धुतलेलीच नाही. इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडलं की ठणकन परत आलं पाहिजे. अडकणारं बटण पाण्यात आपोआप हवा भरत राहतं, तिथे घासाघीस करू नका, उठून या.

हार्नेससाठी नवा पट्टा घ्या, जुना कितीही चांगला दिसला तरी तो त्यांच्या अंगावर कापलेला आहे. ५ सेंटिमीटर रुंदीचा कडक नायलॉन, साडेतीन-पावणेचार मीटरचा एकच तुकडा. हे काम पावसाळ्यात करा, समुद्र बंद असतो तेव्हा. घरात फरशीवर प्लेट पालथी ठेवा, पट्टा बादलीत भिजवून घ्या. कोरडा पट्टा खाचांतून ओढताना बोटांची सालं निघतात. दोन्ही खांदे वरच्या खाचांतून, मग खालच्या खाचांतून कमरेला, मध्ये छातीच्या दोन डी-रिंग (सामान अडकवायच्या कड्या) आणि डाव्या कमरेची एक. छातीच्या रिंग साधारण काखेच्या उंचीला. ताई म्हणून सांगते, स्तनांवर रुतणारा आडवा छातीपट्टा या हार्नेसमध्ये लागतच नाही, आणि त्या एका गोष्टीसाठी माझ्या किती मैत्रिणींनी जॅकेट सोडलं. दोन पायांमधून येणारा पट्टा मात्र हवाच. तोच प्लेटला वर सरकू देत नाही, तुमचं कानापर्यंत येणारं दुखणं तोच बरं करतो. तो ३८ मिलिमीटरचा, जरा अरुंद घ्या.

आणि आता खांद्याबद्दल. हार्नेस घट्ट बांधायचा असतो असा बहुतेकांचा समज असतो, आणि मग हात निघत नाही म्हणून ते हार्नेसला नावं ठेवतात. पट्टा ढिला हवा. सूट घालून, सरळ उभं राहून, खांद्याच्या पट्ट्याखाली तुमची मूठ आरामात गेली पाहिजे. पाण्यात विंग सेटला उचलून धरते, खांद्यावर भार नसतोच, जागेवर ठेवायचं काम कंबर आणि पायांमधला पट्टा करतात. काढताना कमरेचं बक्कल सोडा, आधी डावा हात काढा, कोपर छातीशी आणून पट्ट्याखालून बाहेर. डावा निघाला की सगळा सेट उजवीकडे मोकळा होतो, उजवा खांदा मागे वळवावाच लागत नाही. सेट त्या खांद्यावरून नुसता घसरतो. घालताना उलट, आधी उजवा. घरी टाकीशिवाय वीसदा करून बघा. निखळलेल्या खांद्याला मागे-वर जाणारी हालचाल सांभाळून करावी लागते, तुमच्या फिजिओथेरपिस्टना ती करून दाखवा आणि विचारा. तरीही अडत असेल तर उजव्या खांद्याच्या पट्ट्यात एक उघडणारं बक्कल घाला. काही कट्टर मंडळी म्हणतील, बक्कल म्हणजे तुटायची एक जास्तीची जागा. आहेच. पण होडीच्या शिडीपाशी लाटेत खांदा परत निखळणं त्याहून फार वाईट, तेव्हा बिनधास्त घाला.

सुरुवातीला पट्टा कापू नका. जास्तीची टोकं गुंडाळून सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन बोटं रुंदीचे काप काढून त्यात अडकवा. जगभरचे डायव्हर हेच करतात, याहून चांगली वस्तू बाजारात नाही. दहा डाइव्ह होऊ द्या. प्रत्येक डाइव्हनंतर बोटभर इकडे, बोटभर तिकडे असं चालतं. मग एक दिवस तुमच्या लक्षात येतं की गेल्या दोन-तीन वेळा आपण काहीच हलवलं नाही. तेव्हा कात्री घ्या, टोक तिरकं कापा आणि काडेपेटी धरून कड वितळवून घ्या. नायलॉनचा वास घरभर होतो, खिडकी उघडी ठेवा आणि गरम कडेला बोट लावू नका.

एक कॅम बँडचं. नायलॉनचा पट्टा भिजला की सैल पडतो. कोरडा असताना आवळलात तर पाण्यात टाकी खाली सरकते. माझी सरकली होती, मागून बडीनं येऊन टाकी धरून ठेवली तेव्हा कळलं. बँड आधी पाण्यात बुडवा, मग आवळा, मग विंगला धरून सगळा सेट उचलून झटका द्या. टाकी हलली तर परत.

नवऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. त्यांना सांगा की स्टीलचा पत्रा गंजत-बिंजत नाही, दर वेळी गोड्या पाण्यानं धुतला तर तो पुढच्या पिढीलाही वापरता येईल. पट्टा पाच-सात वर्षांनी बदलायचा, विंगच काय ती कधीतरी नवी. आणि जमलं तर त्यांना एकदा होडीवर घेऊन जा. ६ किलोंचा पट्टा बांधून तुम्ही शिडी चढता ते त्यांनी बघावं.

मोजलेला आकडा मला कळवा, सूट आणि टाकी कोणती तेही लिहा. प्लेटच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंतचं माप टेपनं घेऊन पाठवलंत तर ती तुमच्या पाठीला बसेल की नाही ते मी जास्त नेमकं सांगू शकेन. त्या गृहस्थांना तोपर्यंत एवढंच सांगा, की प्लेट ठेवा, विंग दुसऱ्याला द्या.

तुमची ताई